बाबांचं मौन आणि सॅम्पल नंबर चौदा

एका गुरुवारी सकाळी दहा वाजता माझ्या बाबांचं तोंड बंद झालं. ते दुपारी दोन वाजता उघडलं. मधल्या चार तासांत मी केमिस्ट्री शिकले.

तसं म्हटलं तर त्याआधीचे सात महिनेही मी बडोद्याच्या युनिव्हर्सिटीत बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला केमिस्ट्रीच शिकत होते. पण ते शिकणं म्हणजे लॅबच्या खिडकीजवळचं टेबल पकडायचं, बर्नर पेटवायचा आणि ज्योतीकडे बघत बसायचं. ज्योत मुळात निळी. तारेच्या टोकाला चिमूटभर क्षार लावून ती त्यात धरली की रंग बदलतो! एक क्षार विटकरी, एक सफरचंदी हिरवा, एक असा जांभळा की निळ्या काचेतून बघितल्याशिवाय दिसतच नाही. मी बघत राहायची. बाहेर कडुनिंबाची पानं गळत असायची, आत ज्योत रंग बदलत असायची, आणि मला वाटायचं, आयुष्यात आणखी काय पाहिजे?

आमच्या त्रिवेदी सरांना मात्र आणखी पुष्कळ काही पाहिजे होतं. त्यांना उत्तर पाहिजे होतं.

पहिल्या वर्षाच्या प्रॅक्टिकलला प्रत्येकाला एका कागदाच्या पुडीत पांढरी भुकटी मिळते. पुडीच्या आतल्या बाजूला फक्त नंबर. ती तापवायची, पाण्यात विरघळवायची, ज्योतीत धरायची, ॲसिड टाकायचं, आणि शेवटी छातीठोकपणे सांगायचं की ही भुकटी अमुक क्षार आहे. असे तीन चान्स. तिन्ही चुकले की टर्म गेली, म्हणजे पुढच्या वर्षी पुन्हा पहिलं वर्ष, पुन्हा तेच टेबल, तीच खिडकी. (खिडकीचं मला चाललं असतं.)

पहिल्या चान्सला माझी ज्योत इतकी सुंदर हिरवीनिळी आली की मी आनंदाने "तांबं!" असं लिहून टाकलं. सरांनी शांतपणे माझ्या हातातली तार बघितली. तारच तांब्याची होती. दुसऱ्या चान्सला मी सगळ्या चाचण्या नीट, क्रमाने केल्या, आणि एकाही चाचणीत काहीही न झाल्यामुळे 'या नमुन्यात कोणताही क्षार नाही' असा निष्कर्ष काढला. तो अगदी बरोबर होता. परीक्षानळीत क्षार घालायचाच राहिला होता.

सर मला म्हणाले, "मानसी, बेटा, तू एकदम डाही छोकरी छे, शहाणी. पण तू लॅबमध्ये येते त्या दिवशी तुझ्याबरोबर तूपण येत जा ने."

घरी हे काहीही माहीत नव्हतं. मांजलपूरच्या आमच्या सोसायटीत तर मी सायंटिस्ट होऊनच बसले होते, आणि ते सगळं बाबांमुळे. बाबा प्रतापनगरच्या रेल्वे वर्कशॉपमधून रिटायर झालेले. तीस-बत्तीस वर्षं लोखंडाशी बोलण्यात गेली, पण त्यांच्या मनात कायम शिकायचं होतं ते सायन्स. घरची परिस्थिती नव्हती, राहून गेलं. मग माझी ॲडमिशन झाल्यावर त्यांनी माझं केमिस्ट्रीचं पुस्तक स्वतःच्या हाताने खाकी कव्हर घालून दिलं, आणि लिफ्टमध्ये भेटेल त्याला सांगायला लागले, "आमची मनू केमिस्ट्रीत आहे." वरच्या मजल्यावरच्या काकूंनी एकदा मला केस पांढरे का होतात ते विचारलं. मी म्हटलं, अजून तो धडा आला नाही.

तर तिसरा चान्स. सॅम्पल नंबर चौदा. बुधवारी दुपारी निम्म्या चाचण्या आणि गुरुवारी अकरा ते एक उरलेल्या.

बुधवारी मी खरंच मनावर घेतलं होतं. क्षार परीक्षानळीत घातला! (दोनदा तपासलं.) तापवला, तर तो नळीत फुगत फुगत वर आला, पांढरा, हलका. मी त्याकडे पाहत बसले ते पाहतच बसले. मग ज्योत. निळ्या काचेतून पाहिली तर जांभळी! म्हणजे पोटॅशियम! माझ्या आयुष्यातलं पहिलं बरोबर ओळखलेलं मूलद्रव्य. त्या आनंदात मी ती ज्योत पुन्हा पाहिली, पुन्हा पाहिली, आणि इतक्यांदा पाहिली की लॅब अटेंडंट कांतिकाका किल्ल्या वाजवत आले.

"बेन, पाच वाग्या. घरे नथी जवुं?"

मी गडबडीने बर्नर बंद केला, नळ्या धुतल्या, आणि सॅम्पलची पुडी ड्रॉवरमध्ये ठेवायची ती ॲप्रनच्या खिशात टाकून घरी आले. सॅम्पल लॅबच्या बाहेर न्यायला सक्त मनाई. पण मी काही ते नेलं नव्हतं, ते माझ्याबरोबर आलं होतं.

आता घरी काय झालं ते तुम्हाला इथेच सांगून टाकते. मला ते दुसऱ्या दिवशी दुपारी कळलं.

आमच्या घरी परीक्षा म्हणजे अंगारा. आई देवापुढच्या उदबत्त्यांची आणि धुपाची राख जमवते, त्यातल्या काड्या हाताने वेचून काढते आणि देव्हाऱ्यातल्या पितळी डबीत भरून ठेवते. परीक्षेच्या दिवशी त्यातली थोडी पुडीत बांधून माझ्या खिशात. मी दहावीपासून खिशात देव घेऊनच पेपर लिहीत आलेय. आणि पुडीला कागद कोणता? माझ्या जुन्या प्रॅक्टिकल जर्नलची कोरी पानं. आईला एकीकडे छापलेले, एकीकडे रेघांचे ते जाड कागद फार आवडतात. लॅबमध्ये कांतिकाकाही पुड्या बांधतात त्या जुन्या जर्नलच्या पानांतच!

बुधवारी संध्याकाळी आईने ॲप्रन धुवायला घेतला. खिशात पुडी. तिला वाटलं, मागच्या वेळचा अंगारा पोरीने वापरलाच नाही, तसाच परत आणलाय. (आतल्या बाजूला लिहिलेला नंबर चौदा तिने बघितलाच नाही. चष्मा टीव्हीवर होता.) डबीत तळाला जेमतेम एका पुडीपुरता अंगारा उरला होता. तो तिने माझ्यासाठी नव्या पुडीत बांधला, आणि खिशातल्या पुडीतलं सॅम्पल नंबर चौदा भक्तिभावाने डबीत ओतलं. वर नमस्कारही केला.

गुरुवारी सकाळी मी वाळलेला ॲप्रन घातला, खिशातली पुडी चाचपली, हायसं वाटलं आणि स्कूटरला किक मारून निघाले.

बरोबर अकराला मी टेबलावर हजर. पुडी उघडली, नंबर बघायचं सुचलंच नाही. भुकटी काल होती त्यापेक्षा जरा करडी वाटली. पण रात्रभर धुतलेल्या ॲप्रनच्या सान्निध्यात राहिली, हवा लागली असेल, असं मनाशी म्हटलं. जर्नलमध्ये मी 'रंग: पांढरा, किंचित उदास' असं लिहिलं. मग ॲसिड टाकलं. आणि काय सांगू! फसफसफस करून बुडबुडे! बुडबुडे म्हणजे कार्बोनेट, हे सगळ्या वर्गाला माहीत असतं, मलासुद्धा. खात्री म्हणून पुन्हा ज्योत पाहिली. निळ्या काचेपलीकडे तोच जांभळा रंग, कालच्यासारखाच! पोटॅशियम आणि कार्बोनेट. पोटॅशियम कार्बोनेट! मी निळी काच डोळ्यांना लावून तशीच उभी राहिले. सगळी लॅब निळी झाली होती. मला दिसायला लागलं की बाबा लिफ्टमध्ये उभे आहेत, लिफ्ट वर वर चालली आहे, आणि प्रत्येक मजल्यावर ते बाहेर डोकावून सांगतायत, "मनूने ओळखलं बरं का!"

"मानसी." सर समोर उभे होते. "उत्तर?"

"पोटॅशियम कार्बोनेट, सर!"

सरांनी चष्मा काढला. पुसला. "आ यादीत पोटॅशियम कार्बोनेट नाहीच आहे."

लिफ्ट खाली यायला लागली. पण त्या दिवशी माझ्या अंगात कुठून बळ आलं कोण जाणे, मी म्हटलं, "सर, मी डोळ्यांनी पाहिलंय! तुम्ही स्वतः करून बघा!"

सरांनी करून बघितलं. फसफस झालं. ज्योत जांभळी आली. सरांच्या कपाळावर आठ्या पडल्या. त्यांनी कांतिकाकांना हाक मारली, तर ते कुणाच्या तरी लग्नाला गेले होते आणि सॅम्पलच्या रजिस्टरच्या कपाटाची किल्ली त्यांच्या कमरेला. फोनही उचलेनात. सर म्हणाले, बाटल्यांची लेबलं बदलली असतील, सगळा वर्ग पुन्हा तपासावा लागेल. सगळा वर्ग माझ्याकडे वळून बघायला लागला. मला तर क्षणभर वाटलं, मी नवीन काहीतरी शोधूनच काढलंय.

मग सरांनी पुडीतली उरलेली भुकटी कागदावर पसरली आणि त्यातून दोन बोटांनी एक काडी उचलली. नखाएवढी, एका टोकाला काळी.

"आ शुं छे?"

मी बघितलं. वास घेतला. चंदन.

"सर," मी म्हटलं, आणि माझा आवाज मलाच लांबून ऐकू आला, "ही उदबत्तीची काडी आहे."

मग मी सरांना सगळं सांगितलं. अंगारा म्हणजे काय, तो खिशात का, आणि पुड्या एकसारख्या कशा. सर ऐकत होते. "एटले तू देवाची राख ॲनालाइज केली."

"हो सर."

"अने बराबर केली! राखेत पोटॅशियम कार्बोनेट असतंच." सर हसायला लागले होते, ते अर्ध्यात थांबले. "पण मग चौदा नंबर क्यां छे?"

खिशात उरलेला अंगारा आई डबीत परत ओतते, ते मला आठवलं. आणि गुरुवारी सकाळी आमच्या घरी काय होतं ते मला माहीत होतं. पूजा झाली की आई डबीतला अंगारा स्वतःच्या कपाळाला लावते. आणि बाबा कपाळाला लावतात आणि वर एक चिमूट जिभेवर ठेवतात.

मी फोन लावला. "आई! बाबा कुठे आहेत?"

"आहेत की घरातच. अगं मनू, बरं झालं तू फोन केलास. यांना सकाळी दहापासून बोलताच येत नाहीये."

"म्हणजे?"

"म्हणजे तोंड असं मिटलंय, चंबूसारखं. ओठ आत. विचारलं तर नुसतं 'म्म' करतात. डोळ्यांतून पाणी काढलं बघ एकदा."

"त्यांना पाणी पाज! चूळ भरायला लाव!"

"दिलं ना! ढकलून देतात ग्लास. पण चेहरा मोठा तेजस्वी दिसतोय हां आज."

मी फोन खाली घेतला आणि सरांना सांगितलं. सरांचा चेहरा अजिबात तेजस्वी दिसेना. "यादीत बेरियमपण आहे, ते विषारी," ते हळू म्हणाले. मग एकदम ओरडले, "ऊभी शुं रही गई? चाल!"

सरांची गाडी सर्व्हिसिंगला. म्हणून त्रिवेदी सर, वीस वर्षं शिकवणारे, तिसऱ्या चान्सच्या विद्यार्थिनीच्या स्कूटरवर मागे बसले. एका हातात माझं जर्नल, दुसऱ्या हाताने सीटचं हँडल. मी जीव तोडून चालवत होते, डोळ्यांसमोर सारखे बाबा येत होते. मी सायन्स घेतलं आणि सायन्सने माझ्या बाबांना खाल्लं! किंवा बाबांनी सायन्सला. लालबागच्या पुलाआधी सिग्नलला थांबलो. लाल गेला, हिरवा लागला. तो हिरवा असा सफरचंदी, असा स्वच्छ, की मी बघतच राहिले. हाच! ज्योतीत हाच रंग कोणाचा येतो?

मागून सगळे हॉर्न वाजवायला लागले. "अरे बेन! लीलुं थयुं! लीलुं थयुं!" सर ओरडले.

"सर, बेरियम!" मी ओरडले.

"क्यां?" म्हणून सर सीटवर अर्धे उभेच राहिले.

घरी पोचलो तर आईने दार उघडलं. कपाळावर पांढरा ठिपका. सरांना बघून तिने पदर नीट केला. "आवो आवो सर, बेसो ने. मनू, सरांना पाणी दे." (सरांना पाणी, आणि ज्यांना खरं पाहिजे ते बाबा घेत नव्हते!)

बाबा हॉलमध्ये खुर्चीत ताठ बसले होते. ओठ आत ओढलेले, गाल खोल गेलेले, डोळे मात्र टक्क उघडे. मला बघून त्यांनी भुवया वर केल्या. म्हणजे, काय झालं? जमलं?

"बाबा! तुम्हाला काय होतंय? पोटात दुखतंय?"

मान नाही म्हणून हलली.

"चक्कर?"

नाही.

मग त्यांनी उजवा हात उचलला आणि आपल्या गालावरून गोल गोल फिरवला. एक गाल, दुसरा गाल, मग हनुवटीखाली. डबीकडे बोट केलं. पुन्हा गाल.

"सकाळपासून हेच करतायत," आई सरांना कौतुकाने सांगायला लागली. "मला तर पहिल्या खेपेलाच कळलं. दाढी. दाढीवाल्या कुणा महाराजांचं दर्शन झालंय यांना! डबीतून!"

बाबांनी कपाळावर हात मारून घेतला.

"गाल बधिर झालेत त्यांचे!" मला रडू यायला लागलं. "सर, हा पॅरालिसिस असेल का हो?"

"स्किन पर रिॲक्शन छे," सर बाबांच्या गालाजवळ चष्मा नेऊन म्हणाले. "काका, खंजवाळ आवे छे? खाज?"

बाबांनी सरांकडे असं पाहिलं की वर्कशॉपमध्ये कामचुकार माणसाकडेसुद्धा कधी पाहिलं नसेल. मग माझ्याकडे वळले. माझ्या डोळ्यांत बघत त्यांनी पुन्हा हात गालावर ठेवला, आणि या वेळी अगदी हळू, सावकाश फिरवला. जबड्याच्या हाडावरून खाली, हनुवटीला वळसा, परत वर.

मी बघत राहिले. आता खरं तर मी डॉक्टरांना फोन करायला हवा होता. पण मी बघत राहिले, कारण मला तेवढंच येतं. आणि बघता बघता हॉल गेला, सर गेले, आईने कढई गॅसवर ठेवल्याचा आवाज गेला. मी चार-पाच वर्षांची आहे. प्रतापनगरच्या रेल्वे क्वार्टर्सची मागची ओटी आहे, रविवारची सकाळ आहे. बाबा खिळ्याला आरसा टांगून दाढी करतायत. दाढी झाली की ते वाटीतल्या पाण्यातून एक काचेसारखा खडा काढतात आणि गालावरून असाच गोल फिरवतात. ऊन त्या खड्यातून आरपार जातंय. मी म्हणते, "बाबा, मला द्या, साखर आहे ना?" बाबा म्हणतात, "चाटून बघ." मी चाटते, माझं तोंड असं आकसतं की मला वाटतं आता ते कधीच उघडणार नाही, आणि बाबा पोट धरून हसतायत.

"तुरटी!" मी किंचाळले. "सर, तुरटी! पोटॅशियम ॲल्युमिनियम सल्फेट!"

बाबांनी खुर्चीत उडी मारली आणि मान इतक्या जोरात हलवली की कपाळावरचं सॅम्पल खाली सांडलं.

सरांनी काही न बोलता माझं जर्नल उघडलं. बुधवारचं पान. मोठ्याने वाचायला लागले. "'तापवल्यावर क्षार हळूहळू फुगून वर आला, म्हातारीच्या कापसासारखा.' बराबर, तुरटी फुगते. 'ज्योत: जांभळी, फार सुंदर.' पोटॅशियम. आणि आ शुं, मार्जिनमध्ये? 'अमोनिया घातल्यावर पेजेसारखं काहीतरी खाली बसलं, बघायला छान वाटत होतं.'" सरांनी जर्नल मिटलं. "ॲल्युमिनियम. बेटा, तू काल सगळं बघितलं होतं. उत्तर लिहायचं रही गयुं."

"मी बघत होते, सर."

"एज तो प्रॉब्लेम छे." मग ते परीक्षकाच्या आवाजात म्हणाले, "पण सल्फेटची टेस्ट तू केलीच नाही. सल्फेट कशावरून?"

"बाबांवरून, सर."

तेवढ्यात कांतिकाकांचा उलटा फोन आला. मागे लग्नातला बँड वाजत होता. सर फोनमध्ये ओरडून ओरडून विचारत होते, चौदा नंबर, चौदा! फोन ठेवला. माझ्याकडे बघितलं. आई झारा हातात धरून दारात उभी, बाबा खुर्चीच्या कडेला.

"फटकडी," सर म्हणाले. गुजरातीत तुरटीला तेच म्हणतात. "पास."

बाबा उठले. मोरीत गेले. चूळ भरली, एकदा नाही, दहादा. परत येऊन त्यांनी ओठ बोटांनी चोळले, जबडा दोनदा उघडून मिटून बघितला, आणि दोन वाजता पहिलं वाक्य बोलले.

"गाढवांनो! सकाळपासून सांगतोय, तुरटी आहे, तुरटी आहे!"

"सांगितलंत कधी?" आई म्हणाली. "महाराजच दाखवत बसलात!"

"अहो बाबा, मग चूळ का नाही भरलीत?"

बाबा पंख्याकडे बघत म्हणाले, "नवस केला होता मनातल्या मनात. अंगारा जिभेवर ठेवून. मनू पास झाली असं कानावर पडेपर्यंत तोंड उघडणार नाही, पाण्याचा थेंब घेणार नाही. एक चिमूट नेहमीची आणि एक तुझ्या नावची जास्त घेतली होती. मला काय माहीत, देव तुरटीचा आहे!"

"पण लिहून तरी द्यायचं!"

"लिहिणं म्हणजे हाताने बोलणंच. मौन मोडलं असतं तर? दोनदा नापास झालीयेस ना तू?"

"तुम्हाला कोणी सांगितलं?"

"सांगायला कशाला पाहिजे? सात महिन्यांत पुस्तकाचं कव्हर मळलेलं नाही. मी घातलंय ते, मला नाही कळणार?"

ज्या माणसाचं तोंड मी पास होईपर्यंत उघडणार नव्हतं, त्याच्याच तोंडात माझं उत्तर सकाळपासून विरघळत होतं, आणि तो ते गिळून बसला होता. मी जाऊन त्यांच्या खांद्यावर डोकं ठेवलं. त्यांच्या गालाला तुरटीचा, रविवारचा वास येत होता.

आईने सरांपुढे शेव पेरलेल्या पोह्यांची बशी ठेवली आणि ते नको नको म्हणत असताना, रीतच आहे म्हणून, डबीत बोट बुडवून त्यांच्या कपाळालाही लावलं. सॅम्पल नंबर चौदा असं शेवटी परीक्षकांकडे जमा झालं.

सरांनी एकच अट घातली. झालं ते सगळं जर्नलमध्ये खरं खरं लिहायचं. मी लिहिलं. आमच्या जर्नलमध्ये 'साहित्य' असा एक रकाना असतो, त्यात बर्नर, तार, निळी काच हे सगळं लिहून झाल्यावर मी शेवटी लिहिलं: 'बाबा, एक नग.' सरांनी त्यावर लाल शाईने खूण केली आहे. चूक म्हणून की बरोबर म्हणून, ते मला अजून कळलेलं नाही.

आता मी एम.एस्सी. करते. तीही केमिस्ट्रीतच! पहिल्या वर्षाच्या मुलांची लॅब मीच बघते. लॅबमधलं काहीही जिभेवर ठेवायचं नाही, असं मी त्यांना दर वेळी बजावून सांगते आणि मुलं फार गंभीर होऊन ऐकतात. मग गुरुवार येतो. आई पूजा करते, डबी उघडते आणि बाबांपुढे धरते. बाबा हात मागे घेतात.

"आधी केमिस्टला दे."

मी मुकाट्याने एक चिमूट जिभेवर ठेवते. "राख आहे बाबा. शंभर टक्के राख."

"हो, हो," बाबा घड्याळाकडे बघत म्हणतात. "पाच मिनिटं थांबू. मग काहीतरी बोलून दाखव."